काहिलींतील उकळी आणि गुप्त उष्णता

गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झाला म्हणजे चुलाणापुढें बसून जाळ घालणाऱ्या माणसास एक गोष्ट रोज दिसते, पण तिचा विचार करण्याची वेळ त्याजवर सहसा येत नाहीं. काहिलींत रस ओतल्यापासून पहिली उकळी फुटेपर्यंत रस भराभर तापत जातो. एकदां उकळी आली कीं पुढें दोन-अडीच तास चुलाण धडाडून पेटत राहतें, चिपाडाचे भारेच्या भारे त्यांत जातात, आणि तरीहि उष्णतामापक यंत्र रसांत धरलें तर तें जवळ जवळ जागच्या जागीं उभें असलेलें दिसतें. शेवटच्या थोड्या वेळांत मात्र तेंच यंत्र झपाट्यानें चढूं लागतें, आणि गुळव्यानें तेव्हां जरा दिरंगाई केली तर सारें आधण करपतें. मधल्या दोन-अडीच तासांत दिलेली एवढी उष्णता गेली कोठें? प्रश्न साधा दिसतो; परंतु जळणाचा खर्च आणि गुळाची प्रत हीं दोन्ही त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. म्हणून प्रस्तुत लेखांत त्याचा थोडा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम घरच्या घरीं करून पाहतां येईल असा एक प्रयोग सांगतों. पातेल्यांत बर्फाचा चुरा घेऊन तो मंद आंचेवर ठेवावा, यंत्राचें टोंक त्यांत बुडवावें आणि चुरा सारखा ढवळीत राहावें. चुरा वितळूं लागला कीं यंत्र शून्य अंश सेंटिग्रेडवर येऊन थांबतें. खालून आंच चालूच आहे, पातेल्यांत पाणी वाढत आहे, परंतु बर्फाचा शेवटचा खडा विरघळेपर्यंत अंश वाढत नाहीं. खडा विरला कीं लगेच पाणी तापूं लागतें आणि तें थेट उकळी येईपर्यंत तापतच जातें. उकळी आली कीं पुन्हा तोच प्रकार. पाणी आटून भांडें कोरडें होईपर्यंत यंत्र १०० अंशांच्या आसपास खिळून राहतें. खालचा जाळ दुप्पट केला तरी पाणी अधिक तापत नाहीं; तें दुप्पट वेगानें आटतें, इतकेंच.

या चमत्काराचा उलगडा प्रथम स्कॉटलंडांतील ग्लासगो येथील विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकविणाऱ्या जोसेफ ब्लॅक यानें सन १७६१ च्या सुमारास केला. त्याची रीत इतकी सोपी होती कीं ती कोणत्याहि शाळेंत करतां यावी. त्यानें दोन सारखीं कांचेचीं भांडीं घेतलीं. एकांत बर्फ आणि दुसऱ्यांत बर्फाइतकेंच थंड केलेलें पाणी असें भरून तीं एका मोठ्या दालनांत टांगून ठेविलीं. पाण्याचें उष्णतामान अर्ध्या तासांत ७ अंश फॅरनहाइटनें वाढलें. बर्फाच्या भांड्यास मात्र त्याच उष्णतामानास पोंचण्यास साडेदहा तास, म्हणजे एकवीस अर्धे तास लागले. दालनांतील हवा दोन्ही भांड्यांना सारखीच उष्णता देत होती. तेव्हां बर्फानें २१ गुणिले ७, म्हणजे १४७ अंशांची उष्णता घेतली, आणि यंत्रावर दिसली ती अवघी सात-आठ अंशांची. उरलेली सुमारें १४० अंशांची उष्णता बर्फाचें पाणी करण्यांतच खर्च झाली. ती यंत्रास दिसत नाहीं म्हणून तिला गुप्त उष्णता असें नांव मिळालें. आजच्या सूक्ष्म मापनानें हा आंकडा १४४ अंश फॅरनहाइट, म्हणजेच ८० अंश सेंटिग्रेड इतका ठरला आहे. दोन भांडीं आणि एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर ब्लॅक सत्याच्या किती जवळ गेला होता हें पाहिलें म्हणजे कौतुक वाटतें.

पुढील हिशोबासाठीं एक माप ठरवूं. एक किलोग्रॅम पाण्याचें उष्णतामान एक अंश सेंटिग्रेडनें वाढविण्यास जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. या मापानें एक किलोग्रॅम बर्फ वितळण्यास ८० किलोकॅलरी लागतात; एक किलोग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० लागतात; आणि त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास ५४० लागतात. शेवटचा आंकडा वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा, कारण गुऱ्हाळाचें सारें अर्थशास्त्र त्यांत सांठविलेलें आहे.

इतकी उष्णता लागते तरी कशास? पदार्थाचे सूक्ष्म कण एकमेकांस ओढून धरितात. उष्णता दिली म्हणजे एरवीं त्या कणांची धांवपळ वाढते, आणि ती धांवपळ म्हणजेच यंत्रावर दिसणारें उष्णतामान होय. पण उकळतेवेळीं दिलेली उष्णता कणांची धांवपळ वाढविण्याकडे न जातां त्यांची परस्परांची मिठी सोडविण्याकडे जाते. एक लिटर पाण्याची शंभर अंशांवर वाफ झाली तर ती सुमारें १,६७० लिटर जागा व्यापते. कण एकमेकांपासून किती दूर फेंकले गेले याची यावरून कल्पना येईल. ५४० पैकीं सुमारें ४० किलोकॅलरी भोंवतालची हवा बाजूस सारण्यांत जातात, बाकी सर्व कण विलग करण्यांत.

आतां काहिलीकडे वळूं. हिशोबासाठीं असें समजूं कीं, काहिलींत १,००० किलोग्रॅम रस घातला आहे, त्यांत शेंकडा १८ भाग साखर व इतर घन पदार्थ असून बाकीचें ८२० किलोग्रॅम पाणी आहे. रसाचें आरंभीचें उष्णतामान २७ अंश धरूं. हा रस उकळीस आणण्यास सुमारें ६६,००० किलोकॅलरी लागतात (रस पाण्यापेक्षां किंचित् लवकर तापतो म्हणून ७३,००० नव्हेत). तयार गुळांत दहा-पंधरा किलोग्रॅमच पाणी उरतें. म्हणजे ८१० किलोग्रॅम पाणी वाफ करून घालवावयाचें. त्यास ८१० गुणिले ५४०, म्हणजे ४,३७,००० हून अधिक किलोकॅलरी हव्यात. सारांश, रस तापविण्यास एक रुपया जळण लागलें तर तो आटविण्यास सुमारें साडेसहा रुपये लागतें, आणि हे साडेसहा रुपये यंत्रास जवळ जवळ दिसतच नाहींत.

"जवळ जवळ" हा शब्द मुद्दाम घातला आहे. शुद्ध पाणी अखेरपर्यंत एकाच अंशावर उकळतें. पण पाण्यांत साखर विरघळलेली असली कीं उकळण्याचा अंश वर सरकतो, आणि साखरेचें प्रमाण वाढेल तसतसा तो अधिकाधिक वेगानें सरकतो. वरच्या उदाहरणांत रस निम्मा घन व निम्मा पाणी या स्थितीस आला तेव्हां काहिलींत ३६० किलोग्रॅम उरले. म्हणजे ६४० किलोग्रॅम पाणी उडून गेलें, आणि एवढ्या अवधींत उकळण्याचा अंश वाढला तो सुमारें दोनच. पुढें घन भाग शेंकडा ७० झाला कीं ही वाढ पांच-सहा अंशांवर जाते. काकवी १०५ ते १०६ अंशांवर उतरवावी असें जें सांगतात तें याच स्थितीस धरून आहे. त्या वेळीं काहिलींत पाणी उरलेलें असतें अवघें ७७ किलोग्रॅम. तेथून ढेपेच्या गुळासाठीं ११८ अंशांपर्यंत आणि भुकटीच्या गुळासाठीं १२० ते १२२ अंशांपर्यंत जावयाचें असतें. याचा अर्थ असा कीं, पहिल्या नऊ हिश्शांचें पाणी जात असतां यंत्र पांच-सहा अंश चढतें आणि राहिलेला एक हिस्सा जात असतां बारा-तेरा अंश चढतें. पाणी हें रसाचें रक्षक आहे. तें भरपूर आहे तोंपर्यंत जाळाची सारी उष्णता तें वाफेच्या रूपानें स्वतःबरोबर घेऊन जातें. तें संपत आलें कीं तीच उष्णता साखरेच्या अंगावर येते.

जाळ केव्हां जोराचा घालावा आणि केव्हां ओढावा हें यावरून आपोआप ठरतें. मळी वर येत असतां जाळ मंद असावा, नाहीं तर जोराच्या उकळीनें मळी फुटून रसांत मिसळते. मळी काढून झाली कीं जाळ जितका जोराचा घालतां येईल तितका घालावा. या वेळीं रस करपण्याची भीति नसते. उलट रस फार वेळ रेंगाळला तर त्यांतील साखर मोडते, आणि गूळ मऊ व काळसर होतो. अननुभवी माणूस येथें जाळ राखून घालतो आणि शेवटीं, वेळ फार झाला म्हणून, जाळ वाढवितो. हें अगदीं उलट आहे. पाक दाट होऊन मोठे मोठे जड बुडबुडे फुटूं लागले कीं चुलाणांतील जाळ कमी झालाच पाहिजे.

घरांत लोणी कढविणाऱ्या स्त्रियांस हें शास्त्र कोणीं शिकविलेलें नसतें, पण त्या तें अचूक पाळितात. लोण्यांत पाणी व ताक असतें तोंवर कढ तडतडत राहतो आणि तूप शंभर अंशांच्या फारसें वर जात नाहीं. तडतड थांबली म्हणजे पाणी संपलें. त्यानंतर विस्तव तसाच राहिला तर बेरी पाहतां पाहतां काळी पडते. त्या कानानें जें ओळखतात तेंच गुळव्या थंड पाण्यांत पाकाची गोळी करून ओळखतो.

आतां जळणाचा प्रश्न. पुष्कळ ठिकाणीं स्वतःच्या चिपाडावर आधण निघत नाहीं आणि लांकूड विकत घ्यावें लागतें; कांहीं ठिकाणीं तर रबरी टायर जाळण्याची अनिष्ट चाल पडली आहे, तिनें गुऱ्हाळावरील माणसांच्या छातीचें व शेजारच्या गांवाचें जें नुकसान होतें तें वेगळेंच. याहि प्रश्नाच्या मुळाशीं गुप्त उष्णताच आहे. चरकांतून निघालेल्या ओल्या चिपाडांत सुमारें निम्में वजन पाण्याचें असतें. पूर्ण कोरडें चिपाड एक किलोग्रॅम जाळलें तर त्यापासून सुमारें ४,२५० किलोकॅलरी उपयोगी उष्णता मिळते. ओल्या चिपाडाच्या एका किलोग्रॅमांत जळणारा भाग अर्धाच, म्हणून २,१२५ मिळावयास हव्यात. पण त्यांतील अर्धा किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यास पावणेतीनशेंच्या आसपास खर्च होतात, आणि हातीं येतात सुमारें १,८५०. तेंच चिपाड उन्हांत वाळवून शेंकडा दहा भाग ओल राहील असें केलें तर प्रत्येक किलोग्रॅमास सुमारें ३,७७० मिळतात. ओलें चिपाड जाळणारा शेतकरी काहिलींतील रसाबरोबर चुलाणांतहि पाणी आटवीत असतो. शिवाय ओल्या जळणाचा जाळ थंड पडतो, धूर होतो, आणि न जळलेला भाग धुराड्यावाटें निघून जातो.

हिशोब पुरा करूं. वरच्या आधणास एकंदर सुमारें ५,०३,००० किलोकॅलरी लागतात. जाळाची सर्वच्या सर्व उष्णता रसास मिळती तर १३५ किलोग्रॅम सुकें चिपाड पुरतें. असें कोणतेंहि चुलाण जगांत नाहीं. उघड्या चुलाणांत उष्णतेचा एक-तृतीयांश भाग रसास मिळतो असें धरलें तर ४०० किलोग्रॅम लागेल. चरकानें उंसाच्या वजनाच्या शेंकडा साठ-बासष्ट भाग रस काढला तर १,००० किलोग्रॅम रसामागें सुमारें ६०० किलोग्रॅम ओलें चिपाड पडतें, आणि तें वाळल्यावर सुमारें ३३० किलोग्रॅम भरतें. म्हणजे सत्तर किलोग्रॅमची तूट. हीच तूट बाजारांतील जळणानें भरून काढावी लागते. चुलाणानें एक-तृतीयांशाऐवजीं शेंकडा चाळीस भाग उष्णता रसास दिली तर ही तूट बहुतेक नाहींशी होते. आंकडे प्रत्येकाच्या उंसाप्रमाणें व चरकाप्रमाणें थोडेफार बदलतील. ज्यानें त्यानें आपले घालून पाहावे.

कांहीं जण चुलाणाच्या मागें धुराड्याच्या वाटेवर दुसरी लहान काहील बसवून पुढच्या आधणाचा रस तींत तापवून घेतात. हें चांगलें आहे, पण त्यापासून फार अपेक्षा करूं नये. २७ अंशांचा रस ७० अंशांवर आणून काहिलींत घातला तर ३९,००० किलोकॅलरी वांचतात. ५,०३,००० पैकीं हा शेंकडा आठाहूनहि कमी भाग झाला. तीच मागची काहील इतकी तापविली कीं तींतील रस उकळून आटूं लागला, तर मात्र बचत मोठी होते, कारण खरा खर्च आटविण्याचा आहे.

काहिलींतून वर जाणारी वाफ पाहिली कीं मनांत येतें, ही प्रत्येक किलोग्रॅमामागें ५४० किलोकॅलरी घेऊन आकाशांत चालली आहे. तिचा उपयोग कां होऊं नये? हाच विचार अमेरिकेंत लुइझियाना प्रांतांतील नॉर्बर्ट रिल्यू यानें केला आणि १८४३ व १८४६ सालीं त्यावर पेटंटें मिळविलीं. त्याच्या यंत्रांत पहिल्या बंद भांड्यांतील रसाची वाफ दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांभोंवतीं खेळविली जाते. दुसऱ्या भांड्यांतील हवेचा दाब कमी केलेला असल्यानें तेथील रस कमी अंशांवर उकळतो, आणि वाफ पुन्हा पाणी होतांना आपली गुप्त उष्णता त्यास देऊन टाकते. अशीं तीन भांडीं जोडलीं तर एका किलोग्रॅम वाफेवर सुमारें तीन किलोग्रॅम पाणी आटतें. साखरेचे कारखाने याच तत्त्वावर चालतात. उघड्या काहिलीस हें साधत नाहीं. गुऱ्हाळवाल्याची बचत चिपाड वाळविण्यांत आणि चुलाण नीट बांधण्यांतच आहे.

दाब कमी झाला कीं उकळी लवकर येते, हा नियम गुऱ्हाळवाल्याच्या दुसऱ्या एका उपयोगाचा आहे. समुद्रसपाटीपासून उंच जावें तसतसा हवेचा दाब कमी होतो, आणि दर तीनशें मीटरांस पाणी उकळण्याचा अंश सुमारें एकानें उतरतो. कोल्हापूर पावणेसहाशें मीटरांच्या आसपास उंच आहे. तेथें पाणी ९८ अंशांवरच उकळतें. रसांत साखर किती झाली हें पाण्याच्या उकळीपेक्षां रसाची उकळी किती अंश वर आहे यावरून समजतें, नुसत्या आंकड्यावरून नव्हे. म्हणून यंत्र आणल्यावर प्रथम तें आपल्याच गांवीं साध्या उकळत्या पाण्यांत धरून काय दाखवितें तें लिहून ठेवावें. मग अनुभवी गुळव्याची गोळी ज्या वेळीं पसंतीस उतरेल त्या वेळचा अंश पांच-सात आधणें पाहून लिहावा. या दोहोंमधील अंतर हा आपल्या गुऱ्हाळाचा आंकडा होय. यंत्र १५० अंशांपर्यंत मोजणारें असावें. ताप पाहण्याची नळी काहिलींत बुडविल्यास ती फुटेल; तिची धांव ४२ अंशांपर्यंतच असते. कांचेच्या पाऱ्याच्या नळीपेक्षां धातूच्या दांडीचें यंत्र बरें, कारण कांच फुटून पारा गुळांत गेला तर सारें आधण फेंकून द्यावें लागेल.

काहिलीभोंवतीं वावरणाऱ्यांस एक सूचना येथेंच देतों. उकळत्या पाण्याचा थेंब अंगावर पडला तर तो थंड होतांना दर ग्रॅमास साठ-पांसष्ट कॅलरी देतो. तितकीच वाफ अंगावर थिजली तर ती त्याशिवाय ५४० कॅलरी देते. झांकण उघडतांना किंवा काहील उतरवितांना वाफेचा लोट ज्या बाजूस जातो त्या बाजूस उभें राहूं नये.

वाफ पाणी होतांना घेतलेली उष्णता परत करते, तसेंच पाणी बर्फ होतांनाहि करतें; आणि हा उलटा व्यवहार थंडीच्या दिवसांत बागाईतदारांच्या कामीं येतो. पौषाच्या थंडींत निफाडच्या बाजूस द्राक्षबागाईतदार रात्र रात्र जागतात. हवेंत ओल असली तर रात्रीं दंव पडतें, आणि दंवाचा प्रत्येक ग्रॅम थिजतांना सहाशेंच्या जवळपास कॅलरी पानास व भोंवतालच्या हवेस देतो. त्यामुळें थंडी वाढण्याचा वेग मंदावतो. कोरड्या हवेच्या निरभ्र रात्रीं हा आधार नसतो, म्हणून त्या अधिक घातक होतात. थंड देशांतील फळबागांत अशा रात्रीं तुषारसिंचन करितात. पाणी डहाळ्यांवर गोठतें, आणि गोठतांना दर किलोग्रॅमास ८० किलोकॅलरी सोडतें. पाणी व बर्फ यांचें मिश्रण आहे तोंपर्यंत डहाळीचें उष्णतामान शून्याच्या आसपास टिकून राहतें. बर्फाच्या कवचानें झाड वांचावें हें ऐकण्यास विपरीत वाटतें, परंतु कवच ऊब देत नाहीं, गोठण्याची क्रिया ऊब देते. म्हणून पाणी सतत पडत राहिलें पाहिजे. तें मध्येंच बंद केलें आणि कोरडा वारा सुटला, तर ओलावा उडूं लागतो. आणि एक किलोग्रॅम पाणी उडण्यास सुमारें ६०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे साडेसात किलोग्रॅम पाणी गोठून जी ऊब मिळाली ती एका किलोग्रॅमाच्या उडण्यानें नाहींशी होते. अर्धवट तुषारसिंचनानें बाग अधिक जळते ती यामुळें. ज्यास पहाटेपर्यंत, ऊन पडून बर्फ आपण होऊन सुटूं लागेपर्यंत, पाणी व वीज यांची खात्री नसेल, त्यानें तुषार सुरू न करतां संध्याकाळीं जमिनीसच हलकें पाणी द्यावें.